पाहणी

तिघं आले. दोघं पुण्याचे, एक बाई बेंगळुरूच्या,
गळ्यात ओळखपत्रं, हातात लेझरचं मापयंत्र.
आधीच्या शहरानं ऐन वेळी सभागृह लग्नाला दिलं म्हणे,
म्हणून पूलच्या स्पर्धेसाठी नवं गाव शोधणं चालू होतं,
आणि यादीत तळाला कुणीतरी लिहिलं होतं : लातूर.

कुणी ते मला ठाऊक आहे.
औसा रोडला, झेरॉक्सच्या वर, खलीलभाईंच्या पार्लरमध्ये
सात वर्षं मी गुण मांडतो, खडू पुरवतो,
रात्री टेबलांच्या कापडाला इस्त्री मारतो.
अर्ज मीच भरला.

विमानतळ?
आहे की. धावपट्टी चांगली लांबलचक आहे.
आणि विमान?
विमानाचं बघू.

खोल्या किती?
इथं मात्र मी छाती पुढं काढली.
मेमध्ये परीक्षा उरकली की
होस्टेलं रिकामी, हजारांनी खोल्या :
एक खाट, एक पंखा, भिंतीला चिकटवलेली सूत्रं,
आरशाच्या कोपऱ्यात स्केचपेननं लिहिलेला ६८०.
जगातला नववा खेळाडू
चार रात्री सेंद्रिय रसायनाखाली झोपला
तर बिघडलं कुठं?

पाणी?
खलीलभाईंनी माझ्याकडं बघितलं, मी पंख्याकडं.
येतं, म्हटलं.
वार ठरलेला आहे.

मग बाईंनी पर्समधून पांढरा चेंडू काढून
सभागृहाच्या फरशीवर ठेवला.
आधी हललाच नाही.
मग काहीतरी आठवल्यासारखा
हळूच दक्षिणेला निघाला,
किल्लारीच्या अंगाला.
"फ्लोअरिंग कधीचं?" पुण्याच्यांनी विचारलं.
"त्र्याण्णवच्या आधीचं," खलीलभाई म्हणाले
आणि चेंडू उचलायला स्वतः वाकले.

पाहणी आम्हाला नवी नाही.
पथकं येतात, गाड्या बांधाला लागतात,
पडलेलं मोजतात, करपलेलं मोजतात,
पोरं गाडीमागं पळतात, धुरळा बसतो.
उभं काय आहे ते मोजायला
माझ्या जन्मात हे पहिल्यांदाच कुणी आलं होतं.
काय दाखवावं सुचेना.
म्हणून पार्लरवर नेलं.

तीन नंबरच्या टेबलावर शिवकन्या बिडवे एकटीच,
क्लासची बॅग भिंतीला,
फिजिक्सचा तास चालू असणार.
"एक गेम?" बाईंनी विचारलं आणि काठी घेतली.
काय हात होता बाईंचा! सरळ, स्वच्छ,
वहीत समास आखावा तसा.
पण नऊ नंबरला जाताना पांढरा मध्येच
केसभर सरकला. हुकलं.

शिवकन्या वाकली.
चेंडू सोडून बोटभर बाजूला, नुसत्या हवेवर
नेम धरला.
टप्.
"असं कसं?"
"पाटीला भेग आहे, मॅडम. कापडाखाली.
माहीत असली की काही नाही वाटत."

बाईंनी फॉर्मवर शेवटच्या रकान्यात
बराच वेळ काहीतरी लिहिलं.
मी पलीकडून उलटं वाचू पाहिलं,
तर अक्षर कानडी.
खलीलभाईंचं आजोळ बिदरचं, त्यांना वाचता येतं.
त्यांनी वाचलंही. पण सांगेनात.

महिन्यानं पत्र आलं. पहिल्या फेरीत नाव नाही.
ह्या गावाला त्याचं काय!
इथं अर्धी पोरं दुसऱ्या फेरीवरच जगतात.
मी पत्र खडूच्या डब्याखाली ठेवलं
आणि विचारलं, तीन नंबरची पाटी बदलू या का आता?

"ऱ्हाऊ दे," खलीलभाई म्हणाले.
"बाईनं लिवून नेलंय,
भेग कुठून निघती, कुठवर जाती.
परत खेळायला यायचं असंल."